ठेका नेमका अडतो कुठे?

प्रश्न: माझे वय ३४ आहे. दीड वर्षापासून मी ड्रम्स शिकतो आहे आणि रोज रात्री साधारण पाऊण तास सराव करतो. साधे रॉक ठेके मला नीट येतात. गेले चार महिने मात्र हाफ-टाइम शफल या झोकदार ठेक्यावर अडकलो आहे. मिनिटाला ७० मात्रांच्या गतीपर्यंत तो कसाबसा वाजतो. त्यापुढे तिसऱ्या मात्रेवरचा मोठा ठोका झाला की हात विस्कटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घोस्ट नोट्स, म्हणजे मधले हलके ठोके, दबक्या राहतच नाहीत, सगळ्या सारख्याच मोठ्या ऐकू येतात. सर म्हणतात, 'करत राहा, येईल.' मी करत राहिलो आहे, पण येत नाही. आधी सगळी रूडिमेंट्स, म्हणजे दोन्ही हातांच्या ठोक्यांचे मूलभूत क्रम, पक्की करावीत का? संथ गतीत वाजवत बसण्याने वेळ वाया जात नाही का? की या वयात हात तेवढे वळतच नाहीत? दीड महिन्याने मित्रांबरोबर एका कार्यक्रमात हाच ठेका वाजवायचा आहे, त्यामुळे धीर सुटत चालला आहे.

उत्तर: तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्ही स्वतःच जाता जाता लिहून गेला आहात. तिसऱ्या मात्रेवरचा मोठा ठोका झाला की हात विस्कटतात, असे तुम्ही म्हणता. म्हणजे संपूर्ण ठेका तुम्हाला कठीण जात नाही. त्यातला एक सांधा कठीण जातो, आणि तो प्रत्येक वेळी तोच आहे. पुढचे वाक्य त्याहून महत्त्वाचे आहे, ते म्हणजे 'पुन्हा पहिल्यापासून सुरुवात'. चार महिने रोज रात्री तुम्ही पहिल्या दोन मात्रा वाजवत आला आहात, तिसऱ्या मात्रेला अडखळत आला आहात आणि तिथे थांबत आला आहात. हातांना यातले काय योग्य आणि काय चूक हे कळत नाही. जे वारंवार घडते ते त्यांच्या अंगवळणी पडते. त्यामुळे पहिल्या दोन मात्रा तुमच्या हातात पक्क्या बसल्या आहेत आणि त्यानंतरचे अडखळणेही तितकेच पक्के बसले आहे. कमी पडली आहे ती चिकाटी नव्हे. चिकाटी चुकीच्या जागी खर्च झाली आहे, इतकेच.

तेव्हा आधी ठेका उलगडून पाहू. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग केले की बारा जागा मिळतात. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, प्रत्येक मात्रेचा पहिला आणि तिसरा भाग वाजवतो, म्हणजे जागा १, ३, ४, ६, ७, ९, १० आणि १२. उरलेल्या मधल्या जागा, म्हणजे २, ५, ८ आणि ११, डाव्या हाताच्या. त्यांवर स्नेअरच्या, म्हणजे पुढ्यातल्या मुख्य ड्रमच्या, घोस्ट नोट्स येतात, ज्या जाणवतात पण मुद्दाम ऐकल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत. तिसऱ्या मात्रेच्या सुरुवातीला, म्हणजे सातव्या जागेवर, डावा हात स्नेअरवर मोठा ठोका देतो. पायाने वाजणाऱ्या बास ड्रमच्या अनेक मांडण्या आहेत. सध्या तो फक्त पहिल्या जागेवर आहे असे समजू. अमेरिकी ड्रमवादक बर्नार्ड पर्डी यांच्या हातून हा ठेका इतका गाजला की 'पर्डी शफल' याच नावाने तो ओळखला जातो, आणि त्याची सगळी मजा मोठ्या व दबक्या ठोक्यांतील अंतरात आहे. ते अंतर नाहीसे झाले की उरतो तो नुसता खडखडाट.

आता फक्त डावा हात पाहा. २, ५, ७, ८, ११ अशा पाच जागांपैकी सातवी मोठी आणि बाकीच्या चार लहान. दुसरीनंतर दोन जागा मोकळ्या मिळतात, पाचवीनंतर एक, आठवीनंतर पुन्हा दोन. सातवी आणि आठवी मात्र लागून आहेत, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आवर्तनातला सर्वांत मोठा ठोका आणि सर्वांत दबका ठोका एकाच हाताने, एकामागोमाग वाजवायचे आहेत. ७० च्या गतीला या दोन ठोक्यांमध्ये सुमारे २८६ मिलिसेकंद असतात. ९० ला तेच अंतर २२२ वर येते. तुमचा हात नेमका इथे हरतो. मोठा ठोका दिल्यावर काडी ताणलेल्या कातड्यावरून उसळून वर जाते, आणि आठव्या जागेचा ठोका त्या उंचीवरूनच खाली येतो. उंचावरून आलेला ठोका लहान असूच शकत नाही. मग तो दाबून लहान करण्यासाठी तुम्ही मनगट आवळता, मनगट आवळले की वेळ चुकते, वेळ चुकली की उजवा हात डाव्याची वाट पाहू लागतो आणि ठेका कोलमडतो. 'हात विस्कटतात' असे जे तुम्हाला वाटते, त्यामागे बहुधा एवढी एकच साखळी आहे.

यावरचा उपाय जोर कमी करण्यात नसून ठोका संपल्यावर काडी कुठे थांबते यात आहे. ड्रमवादनात ठोक्यांचे चार प्रकार याच हिशेबाने मानतात. उंचावरून सुरू होऊन पुन्हा उंचावर परतणारा तो फुल स्ट्रोक, उंचावरून येऊन खालीच थांबणारा डाउन स्ट्रोक, खालून सुरू होऊन खालीच राहणारा टॅप आणि खालून वाजून वर जाणारा अप स्ट्रोक. या ठेक्यात डाव्या हाताचा क्रम असा लागतो: दुसऱ्या जागेवर टॅप, पाचव्यावर अप, सातव्यावर डाउन, आठव्यावर टॅप आणि अकराव्यावर पुन्हा टॅप. पाचव्या जागेची घोस्ट नोट दबकीच वाजते, पण वाजल्याबरोबर मनगट वर जाते, म्हणजे सातव्या जागेसाठी काडी आधीच उंचावर तयार असते. सातव्या जागेवर ठोका पडताच मागची तीन बोटे क्षणभर मिटून उसळी अडवतात आणि काडीचे टोक कातड्यापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर थबकते. तिथूनच आठवी घोस्ट नोट, जवळजवळ काडी आपल्या वजनाने पडावी अशी, सोडून द्यायची. बोटे मिटणे म्हणजे मूठ आवळणे नव्हे. पकड एका क्षणापुरती घट्ट होते आणि लगेच सैल होते. ती घट्टच राहिली तर आठवा ठोका सोडता येत नाही, ठोकावा लागतो.

सरावाची सुरुवात इथून करा, ठेक्याच्या आरंभापासून नव्हे. उजवा हात मांडीवर ठेवा आणि डाव्या हाताने फक्त सातवी आणि आठवी जागा वाजवा. एक मोठा, एक दबका, मग थांबा. काडी कुठे थांबली ते डोळ्यांनी पाहा. ती तळहाताच्या उंचीवर तरंगत असेल तर ठोका चुकला, मग आवाज कितीही बरा आलेला असो. हे जमू लागले की मागची पाचवी जागा जोडा: अप, डाउन, टॅप. त्यानंतर उजवा हात आणा आणि पाचव्या जागेपासून नवव्या जागेपर्यंतचा एवढाच तुकडा वाजवून थांबा. थांबण्याला इथे अर्थ आहे, कारण आता तुम्ही सांधा ओलांडून पलीकडे थांबता, सांध्याच्या आत अडकून नव्हे. नंतर तुकडा पुढे बाराव्या जागेपर्यंत वाढवा, आणि सर्वांत शेवटी त्याच्या मागे पहिल्या चार जागा लावा. असे मागून जोडत आणल्यामुळे आवर्तनाच्या आरंभापासून निघालेला हात ओळखीच्या प्रदेशाकडे जातो. आज तो ओळखीच्या प्रदेशातून भीतीच्या जागेकडे जातो आहे.

संथ गतीत वेळ वाया जातो का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की कित्येकदा जातो. संथ वाजवा, असे सगळेच सांगतात. संथ म्हणजे काय ते फार थोडे जण सांगतात. गती कमी केली की बहुतेक जण हालचालच संथ करतात. काडी हळूहळू वर नेतात, हळूहळू खाली आणतात, उसळीचा उपयोगच करत नाहीत. ही हालचाल जलद वाजवतानाच्या हालचालीपेक्षा वेगळी असते. ती कितीही घोटली तरी ९० च्या गतीला कामी येत नाही. संथ सरावात वाढवायचा तो दोन हालचालींमधला मोकळा वेळ. ठोका मात्र तसाच चपळ, तितकाच लहान आणि तितक्याच उसळीचा राहिला पाहिजे. ५० च्या गतीला दोन लगतच्या जागांमध्ये ४०० मिलिसेकंद मिळतात. सातवा ठोका द्या, काडी खाली थांबवा, आणि उरलेल्या वेळात काहीही करू नका. आठवा ठोका येईपर्यंतची ती स्तब्धता सहन करणे हाच या सरावातला कंटाळवाणा भाग आहे, आणि माझ्या मते धीर लागतो तो तेवढ्यापुरताच. चार महिने वाट पाहण्यासाठी लागणारा धीर हा वेगळा गुण आहे, त्याची इथे फारशी गरज नाही.

मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारे यंत्र, सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर न लावता मात्रेच्या तिन्ही भागांवर लावा. म्हणजे ५० ची गती असेल तर मिनिटाला १५० टिकटिक. एवढ्या संथ गतीत दोन मात्रांमधले अंतर इतके मोठे पडते की मधली जागा अंदाजाने भरली जाते, आणि शफलमध्ये अंदाज चुकला की तीन समान भागांचे झोके जाऊन ठेका सरळसोट होतो. या ठेक्यात सर्वाधिक बिघडते ती हीच गोष्ट, आणि वाजवणाऱ्याला ती सर्वांत कमी ऐकू येते. तीन भाग पक्के बसल्यावर टिकटिक फक्त मात्रेवर आणा, मग फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि अखेरीस केवळ तिसऱ्या मात्रेवर. प्रत्येक पायरीला यंत्राकडची जबाबदारी तुमच्याकडे येत जाते. सतत टिकटिकीच्या आधाराने वाजवणाऱ्यांची लय यंत्र बंद होताच डळमळते, म्हणून हा उतार आवश्यक आहे.

गती वाढवण्याबाबत जुन्या लंबकाच्या मेट्रोनोमकडून शिकण्यासारखे आहे. त्यावरचे आकडे सहसा ४० पासून २०८ पर्यंत असतात, पण ते एकेकाने वाढत नाहीत. ६० पर्यंत दोन-दोनने, ७२ पर्यंत तीन-तीनने, १२० पर्यंत चार-चारने, १४४ पर्यंत सहा-सहाने आणि तिथून पुढे आठ-आठने वाढतात. हिशेब केला तर बहुतेक ठिकाणी ही वाढ पाच टक्क्यांच्या आसपास पडते. हाताला जाणवते ती टक्केवारी, आकडा नव्हे. ५० वरून ५५ वर जाणे ही दहा टक्क्यांची उडी आहे, १०० वरून १०५ वर जाणे त्याच्या निम्मी. तुम्ही जर प्रत्येक वेळी पाच-पाचने वाढवत असाल तर खालच्या गतींना स्वतःवर अन्याय करत आहात. ५० वरून ५२ वर जा, तेवढे पुरे.

आणि वाढवायचे कधी? माझा निकष कडक आहे. सलग दोन मिनिटे एकही घोस्ट नोट मोठी न होता, खांदे न उचलता आणि श्वास न रोखता ठेका चालला, तर ती गती तुमची झाली. त्यातही रात्री सरावाच्या शेवटी, हात तापलेले असताना गाठलेली गती मोजू नका. दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर पहिल्या खेपेत जी स्वच्छ वाजते ती खरी. हे ऐकून वाईट वाटेल, कारण बहुधा ती ७० नसेल, ५८ किंवा ६० असेल. पण घराचा पाया कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढचे बांधकाम करता येत नाही.

पाऊण तास पुरेसा आहे. तो एकाच ठेक्यावर सलग खर्च करणे मात्र योग्य नाही. १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हातांच्या हालचालींचे तीन वेगवेगळे क्रम लोकांना शिकवले. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही क्रम आलटून पालटून केले. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. पण नंतर, अगदी दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीतही, आलटून पालटून करणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. तो प्रयोग ड्रमचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. दहा मिनिटे सातव्या-आठव्या जागेचा तुकडा करा, मग तुम्हाला येणारा एखादा रॉक ठेका घ्या, पुन्हा तुकड्याकडे या, मग दोन्ही हातांचा शफल बास ड्रमशिवाय वाजवा, पुन्हा तुकडा. प्रत्येक वेळी परतताना हाताला ती हालचाल नव्याने आठवावी लागते. ते किंचित त्रासाचे असते आणि उपयोगाचेही. शक्य असेल तर सकाळी दहा मिनिटे नुसत्या प्रॅक्टिस पॅडवर काढा. रात्रीच्या एका सलग पाऊण तासापेक्षा सकाळची दहा आणि रात्रीची पस्तीस मिनिटे मला जास्त भरवशाची वाटतात. पॅडबद्दल एकच सावधगिरी बाळगा: बहुतेक पॅड स्नेअरपेक्षा अधिक उसळी देतात, म्हणून तिथे जमलेला डाउन स्ट्रोक स्नेअरवर पुन्हा तपासून घ्यावा.

वाजवण्याआधी ठेका तोंडाने म्हणता आला पाहिजे. प्रत्येक मात्रेला 'तकिट' म्हणा आणि डाव्या हाताच्या जागा आवाजाने दाखवा: मधला 'कि' अगदी कुजबुजल्यासारखा, आणि तिसऱ्या 'तकिट'चा 'त' ठसक्यात. ठसक्याच्या 'त'नंतर लगेच कुजबुजता 'कि' तोंडानेसुद्धा सहज येत नाही, हे लक्षात आले की हाताने चार महिने का छळले ते पटेल. जे तोंडाला स्पष्ट नाही ते हाताला स्पष्ट असण्याची शक्यता कमीच. काड्या हातात नसताना, चालताना किंवा रांगेत उभे असतानाही हा सराव करता येतो. मनातल्या मनात केलात तर आसपासचे लोकही वळून पाहणार नाहीत.

बास ड्रमचे थोडक्यात सांगतो. तीन अवयव एकत्र चालवताना त्यांच्या जोड्या तीन होतात: उजवा-डावा, उजवा-पाय आणि डावा-पाय. पहिल्या दोन जोड्यांचा सराव आपसूक होतो. तिसरी जोडी, म्हणजे हाय-हॅट पूर्ण बंद ठेवून फक्त स्नेअर आणि बास ड्रम, सहसा कोणी करत नाही, आणि पाय मिसळल्यावर घोस्ट नोट्स अचानक मोठ्या होतात त्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते. पाय जोराने आपटला की त्याच क्षणी किंवा लगेच नंतर वाजणारा हातही जोर धरतो. म्हणून पहिल्या जागेवर पाय पूर्ण ताकदीने आणि दुसऱ्या जागेवर डावा हात अगदी दबका, एवढेच वाजवून पाहा. ते स्वच्छ झाले की बास ड्रमच्या इतर मांडण्या घालायला हरकत नाही.

फोनवर ध्वनिमुद्रण अवश्य करा, पण ते त्याच रात्री ऐकू नका. वाजवून उठल्यावर कानात आपल्याला अभिप्रेत असलेला ठेका घुमत असतो, प्रत्यक्ष वाजलेला नव्हे. दुसऱ्या दिवशी ऐका आणि एका वेळी एकच गोष्ट शोधा. पहिल्यांदा फक्त आठवी जागा ऐका. ती पाचवीपेक्षा मोठी असेल तर काडी अजून खाली थांबत नाही. पुढच्या वेळी फक्त उजवा हात ऐका, विशेषतः सातव्या जागेवर. डाव्याचा मोठा ठोका पडताना उजव्याने हाय-हॅटही जोरात मारली असेल, तर दोन्ही हात अजून एकमेकांपासून सुटे झालेले नाहीत.

रूडिमेंट्सविषयी. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रूडिमेंटल ड्रमवादकांच्या संघटनेने तेरा रूडिमेंट्स अत्यावश्यक ठरवली, पुढे त्यांची सव्वीस झाली, आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने चाळीसांची यादी निश्चित केली. ही चाळीस पक्की केल्याशिवाय शफलला हात लावायचा नाही असे ठरवलेत, तर दीड महिना काय, बराच मोठा काळ निघून जाईल, आणि तरीही सातव्या-आठव्या जागेचा प्रश्न शिल्लक राहील. यादी हा सोयीचा संग्रह आहे, पायऱ्यांचा जिना नव्हे. तुमच्या अडचणीला थेट लागू पडणारे एकच रूडिमेंट आत्ता घ्या, ते म्हणजे सिंगल पॅराडिडल, पहिल्या ठोक्यावर जोर देऊन: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. त्यात उजवा हात जोरावर असताना डाव्याला लगेच दबका अप स्ट्रोक वाजवून वर जावे लागते, आणि पुढच्या जोरावर डाउन स्ट्रोकने खाली थांबून आपले उरलेले दोन ठोके टॅप म्हणून वाजवावे लागतात. डाव्या हातापुरते अप, डाउन, टॅप, टॅप. शफलमधली पाचवी, सातवी, आठवी आणि अकरावी जागा नेमकी याच क्रमाने येते. फरक फक्त ठोक्यांमधल्या अंतरांचा. बाकीची एकोणचाळीस थांबू शकतात.

वयाबद्दल मी फार लिहिणार नाही. चौतिसाव्या वर्षी हाताला २२२ मिलिसेकंदांत एक मोठा आणि एक लहान ठोका वाजवता येत नाही, असे मानण्यास काहीच कारण नाही. प्रौढ शिकणाऱ्यांची अडचण वेगळी असते: कान पुढे गेलेला असतो, हात मागे असतात आणि ते अंतर त्यांना लहान मुलांपेक्षा कितीतरी जास्त बोचते. मग ते अंतर जोर लावून भरून काढण्याचा मोह होतो. मनगटात किंवा कोपरापाशी दुखू लागले, बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी थांबा, आणि तसे पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बंद खोलीत ड्रम किटवर सराव करताना कानांना इअरप्लग लावा. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयीच्या 'नायोश' या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण १०० डेसिबलचा फक्त पंधरा मिनिटे. आणि ड्रम किट १०० ची पातळी सहज ओलांडते. दबक्या घोस्ट नोट्स ऐकायच्या, तर कान शाबूत हवेत.

तुमच्या सरांच्या 'करत राहा' वर रागावू नका. बहुधा ते तुमच्यासमोर बसून ऐकतात आणि समोरून डाव्या हाताच्या काडीची उंची दिसत नाही. पुढच्या वेळी 'मला हा ठेका जमत नाही' असे न म्हणता 'सातव्या जागेनंतर माझी काडी खाली थांबते का, एवढे बाजूने पाहाल का?' असे विचारा. नेमका प्रश्न नेला की नेमके उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. ते कदाचित तुमची पकडही सुधारतील, जी मी पत्रावरून पाहू शकत नाही.

राहिला कार्यक्रम. दीड महिन्यात तुमची स्वच्छ गती किती वाढेल हे मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. म्हणून आजपासूनच ठेक्याची दोन रूपे तयार ठेवा. एक पूर्ण रूप, जे सरावात वाढत राहील. दुसरे साधे रूप, ज्यात उजव्या हाताचा शफल, पहिल्या जागेवर बास ड्रम आणि सातव्या जागेवर मोठा ठोका एवढेच असेल, घोस्ट नोट एकही नाही. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी दोन्ही रूपे गाण्याच्या गतीला मुद्रित करून ऐका. पूर्ण रूप पहिल्या खेपेत स्वच्छ येत नसेल तर बेलाशक साधे रूप वाजवा. न वाजलेल्या घोस्ट नोट्स श्रोत्यांना खटकत नाहीत. मोठ्या वाजलेल्या खटकतात, आणि गायकाला तर फारच. मधला मार्गही आहे: दुसऱ्या आणि अकराव्या जागेची घोस्ट नोट घ्या, पाचवी आणि आठवी सोडा, म्हणजे मोठ्या ठोक्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतील आणि शफलचा झोकाही राहील. गाण्याची गती मित्रांशी आत्ताच बोलून ठरवा, आणि ती तुमच्या इच्छेवर न ठरवता, तुम्हाला दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेत जमणाऱ्या गतीवर ठरवा. गाणे सुरू करताना काड्यांवर चार मात्रा मोजाल, तेव्हा प्रत्येक मात्रेखाली मनात 'तकिट' चालू ठेवा आणि चौथ्या मात्रेपर्यंत डाव्या हाताची काडी कातड्याजवळ खाली आणून ठेवा.